पंप कुठला घ्यायचा, मामू?

फ्युएल पंपाने गाडीची ताकद वाढत नाही. हे वाक्य गेल्या दोन महिन्यांत मी भाच्याला इतक्या वेळा ऐकवलंय की आता मी तोंड उघडलं की तोच ते पुरं करतो. पंपाचं काम एकच. इंजिन मागेल तेवढं इंधन, ठरलेल्या दाबाने, शेवटच्या आरपीएमपर्यंत पोचवायचं. तो जास्त असला म्हणून एक हॉर्सपॉवरही वाढत नाही, पण कमी पडला तर इंजिन जातं. टर्बो हवा कोंबत असतो, इंधन अपुरं येतं, मिश्रण पातळ होतं, आत ठोके बसायला लागतात आणि एखाद्या पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं. ज्याला वाटतं की हे पुस्तकात होतं, त्याने उद्यमनगरातल्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीच्या टेबलाचा खालचा खण उघडून बघावा. असे पिस्टन तिथे पेपरवेट म्हणून पडलेले असतात.

भाच्याचं गॅरेज तिथेच, कोल्हापूरच्या उद्यमनगरात. त्याच्याकडे पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस आहे. १.८ लिटरचं टर्बो इंजिन, कारखान्यातून निघताना दीडशे हॉर्सपॉवरचं. त्याच्या अब्बांनी, म्हणजे माझ्या मेव्हण्याने, सौदीची नोकरी आटोपून परत आल्यावर ती सेकंडहँड घेतली होती. मेव्हणा अल्लाहला प्यारा झाला, गाडी राहिली. आपा ती विकू देत नाही आणि पोरगा ती आहे तशी ठेवू देत नाही. मोठा टर्बो आणि नवे इंजेक्टर आणून खोक्यात ठेवलेत, कागदावर अडीचशे हॉर्सपॉवरचं स्वप्न लिहिलंय. तेवढ्यात मूळ पंपाने मान टाकली. आधी मागच्या सीटखालून भुंग्यासारखा आवाज, मग चढावर गाडी धाप टाकायला लागली, मग एक दिवस चालूच होईना.

पंप तर नवीन घ्यायचाच होता. प्रश्न एवढाच होता की कुठला.

घरात आम्ही दखनी बोलतो, पण गाडीवरून भांडायचं झालं की दोघेही मराठीवर येतो. पाना, वायसर, आटे, गळती, चाल, हे सगळे शब्द आम्ही वर्कशॉपमध्ये मराठीतच शिकलो. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना बरीच वर्षं शिकवलं, त्यामुळे भाच्याला मामूचं ऐकावं लागतं. पटतंच असं नाही.

त्याचं म्हणणं होतं की पंप इथेनॉलवाल्याने मारला. म्हटलं, वीस वर्षांचा म्हातारा मेला तर खुनाचा गुन्हा कुणावर नोंदवायचा? तो पंप ज्या काळात बनला तेव्हा इथेनॉलचा कार्यक्रम आपल्याकडे नुकताच सुरू झाला होता. २००३ साली काही राज्यांत ५ टक्के मिसळायचं ठरलं. २०१४पर्यंत प्रत्यक्षात दीड टक्क्याच्या आसपासच मिसळलं जात होतं. त्यानंतर वेग आला. २० टक्क्यांचं लक्ष्य आधी २०३०चं होतं, ते अलीकडे आणलं आणि २०२५मध्ये गाठलंसुद्धा. आज नाक्यावरच्या पंपावर जे मिळतं ते ई२०. गाडी जुनी की नवी हे नोझल विचारत नाही. एप्रिल २०२३पासून बनणाऱ्या गाड्यांचे पाइप, सील, पंप ई२०ला टिकतील असे बनवले जातात. त्याआधीच्या गाड्यांचं ज्याचं त्याने बघायचं. तेव्हा भाच्याला रेसचा शौक नसता, तरीसुद्धा नवा पंप इथेनॉल सोसणाराच घ्यावा लागला असता. पोराच्या शौकातून आणि आपाच्या गरजेतून निघणारा रस्ता इथे एकच होता, हे मला बरं वाटलं.

इथेनॉल पंपाला नेमकं काय करतं, हे एकदा नीट समजून घेतलं पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर तर ते तेजाबासारखं रंगवलेलं असतं. टाकीतला पंप म्हणजे इंधनात बुडवून ठेवलेली विजेची मोटर. इंधन तिच्या आतून, आर्मेचरला चाटून जातं आणि तेच तिला थंड ठेवतं. पेट्रोल वीज वाहून नेत नाही, त्यामुळे हा उद्योग बिनधोक चालतो. इथेनॉल मात्र थोडी वीज वाहतं, वर हवेतलं पाणी ओढून घेतं. थोडं पाणी, थोडी वीज आणि तांब्याचा कम्युटेटर एकत्र आले की तांबं हळूहळू खाल्लं जातं, ब्रश झिजतात. म्हणून इथेनॉलसाठी बनवलेल्या पंपांत बहुधा तांब्याऐवजी कार्बनचा कम्युटेटर असतो. जुन्या पद्धतीचं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. जुन्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ इथेनॉल सोडवतं आणि तो जाऊन फिल्टरमध्ये अडकतो. फिल्टर तुंबला की पंपाला दम लागतो आणि नाव इथेनॉलचं होतं. ते सर्वस्वी खोटं नाही, पण दोनशे-चारशे रुपयांचा फिल्टर वेळेवर बदलला असता तर पंप वाचला असता अशा गाड्या मी बघितल्यात.

आता भाच्याचा हट्ट. त्याला ताशी साडेचारशे लिटरचा पंप हवा होता. परदेशातल्या पोरांच्या व्हिडिओत तोच असतो. तिकडे अमेरिकेत, विशेषतः मक्याच्या पट्ट्यातल्या राज्यांत, ई८५ रस्त्यावरच्या पंपावर मिळतं. त्याचं ऑक्टेन शंभरच्या वर, आणि वाफ होताना ते हवेतली उष्णता पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त शोषतं. टर्बोवाल्यांना ते रेसच्या पेट्रोलच्या जवळ जाणारं स्वस्त इंधन वाटतं यात नवल नाही. पण त्या व्हिडिओतल्या गाड्या पाचशे-सहाशे हॉर्सपॉवरच्या असतात. आपल्या पोराची आज दीडशेची आहे.

मी त्याला वही आणायला लावली.

टर्बो इंजिन पेट्रोलवर एका हॉर्सपॉवरला तासाला ढोबळमानाने २७० ग्रॅम इंधन पितं, तेही पूर्ण दाबलेल्या थ्रॉटलला. अडीचशे हॉर्सपॉवरचे झाले साडेसदुसष्ट किलो. पेट्रोलची घनता लक्षात घेतली तर ताशी साधारण नव्वद लिटर. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, म्हणून मिश्रणात ते जितकं जास्त तितके लिटर जास्त. ई२०वर हाच आकडा सत्त्याण्णवच्या आसपास जातो, ई८५वर सव्वाशेला पोचतो. त्यावर चौथा हिस्सा राखीव धरला, कारण पंप म्हातारा होतो, फिल्टर तुंबतो, उन्हाळ्यात इंधन तापतं. झाले साधारण एकशेसाठ. म्हणजे त्याचं संपूर्ण स्वप्न, ई८५सकट, ताशी एकशेसाठ लिटरमध्ये मावतं.

"मग एकशेसाठचाच घेऊ?"

नाही. इथेच लोक फसतात. खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा ४० पीएसआय, म्हणजे पावणेतीन बार दाबाला आणि साडेतेरा व्होल्टला मोजलेला असतो. या गाडीत इंधनाचा मूळ दाब ३ बार. टर्बोचा दाब जसा वाढतो तसा रेग्युलेटर इंधनाचा दाबही तेवढाच वाढवतो, नाहीतर इंजेक्टरच्या तोंडाशी हवा उलट दाबेल. १.२ बार बूस्ट धरला तर पंपाला ४.२ बारविरुद्ध ढकलायचं आहे. दाब वाढला की प्रवाह घटतो, आणि किती घटतो ते प्रत्येक पंपाच्या आलेखात दिलेलं असतं. २५५चा पंप तिथे दोनशेच्या घरात येतो. वर व्होल्टेजचा मामला आहेच. आम्ही मीटर लावून बघितलं तेव्हा बॅटरीवर १३.८ होते आणि पंपाच्या टोकाला १२.१. पावणेदोन व्होल्ट वीस वर्षांच्या वायरीने आणि काळ्या पडलेल्या कनेक्टरने खाल्ले होते. पंप कितीही भारी आणा, त्याला उपाशी ठेवलं तर तो निम्म्या मनानेच काम करणार. म्हणून पंपाच्या आधी नवी जाड वायर, स्वतंत्र रिले आणि फ्यूज ठरला. पैसे कमी असतील तर आधी वायर करा, असं मी कुणालाही सांगेन.

मोठ्या पंपात वाईट काय, हा त्याचा खरा प्रश्न होता, आणि तो चुकीचा नव्हता. या गाडीत पंप सतत पूर्ण वेगाने फिरतो. इंजिनाने वापरलं ते वापरलं, उरलेलं रेग्युलेटरमधून परत टाकीत. आयडलवर चारचाकी तासाला दीड-एक लिटर पिते. साडेचारशेचा पंप म्हणजे बाकी सगळं इंधन बॉनेटखालची उष्णता घेऊन फिरत राहणार. टाकी तापते, वाफा वाढतात. परतीची नळी बारीक असेल तर तेवढं परत जाऊ शकत नाही आणि आयडलचा दाब वर चढतो, गाडी काळा धूर मारते. शिवाय असे मोठे पंप दाबाखाली पंधरा-सोळा अँपिअरच्या वर ओढतात. टाकीच्या झाकणावरचा मूळ कनेक्टर एवढ्यासाठी बनलेलाच नाही. तो वितळतो. आणि तो वितळतो कुठे, तर मागच्या सीटखाली, जिथे आपाच्या नाती बसतात.

हे वाक्य मी आपासमोर बोललो नव्हतो. तिने ऐकलं कसं ते माहीत नाही, पण त्या रात्री तिचा फोन आला. "त्याच्या अब्बांची आठवण म्हणून गाडी ठेवलीय, जाळून घ्यायला नाही." मी म्हटलं, आपा, पंप बसवताना मी तिथे असेन. त्यानंतर साडेचारशेचा विषय निघाला नाही.

राहिले दोन. एक, जगभर गाजलेला २५५चा जुना पंप. लोक तो ई८५वर वर्षानुवर्षं चालवतात आणि शपथेवर सांगतात की काही होत नाही. पण एखादी वस्तू चालते आणि ती त्यासाठीच बनवलीय, यात फरक आहे. दुसरा ३४०चा. त्यात गंमत अशी की एकच कंपनी दिसायला सख्खे भाऊ असलेले दोन पंप विकते, एक पेट्रोलचा आणि एक ई८५चा. आकार तोच, प्रवाह तोच, फरक आतल्या मालात आणि खोक्यावरच्या नंबरात. ऑनलाइन विकणारे बरेचदा फोटो एकाचा लावतात आणि माल दुसरा पाठवतात. तेव्हा "इथेनॉल कम्पॅटिबल" हे विक्रेत्याने लिहिलेलं धरू नका. पार्ट नंबर घ्या, तो बनवणाऱ्या कंपनीच्या कागदात शोधा, तिथे ई८५ लिहिलं असेल तरच पैसे सोडा. नकली पंपांचा तर सुळसुळाट आहे. निम्म्या किमतीत मिळाला तर तो निम्मा पंप आहे असं समजा. आम्ही ई८५वाला ३४०चा घेतला. गरजेपेक्षा तो थोडा मोठाच आहे, पण मधल्या मापाचा, कागदावर इथेनॉलसाठी बनवलेला आणि खात्रीने अस्सल असा तोच हाती लागला. भाव लिहीत नाही, डॉलरबरोबर तो दर आठवड्याला बदलतो.

पण मामू, ई८५ आणायचं कुठून? हा प्रश्न त्याने उशिरा विचारला आणि उत्तरही स्वतःच घेऊन आला होता. ओळखीतला कुणी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आहे, तो कॅन भरून देईल. मला घाम फुटला. आमचा सगळा मुलूख उसाचा. हंगामात मळीचा वास कपड्यांत बसतो, पोरांना इथेनॉल म्हणजे शेजारच्या विहिरीचं पाणी वाटतं. पण स्पिरिट जवळ बाळगणं आणि वाहून नेणं १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली येतं. परवाना नसेल तर ती दारूचीच केस. शिवाजी पुलावर गाडी अडवली, डिकीत वीस लिटर स्पिरिट आणि लायसन्सवर आपलं नाव, मग "साहेब, हे टर्बोसाठी आहे" हे कोण ऐकून घेणार? मी त्याला घाबरवत नव्हतो. त्याला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं, म्हणूनच तो गप्प बसला.

सरळ रस्ता तेवढा रुंद नाही. जून २०२१मध्ये पुण्यात तीन ठिकाणी ई१०० विकायचा प्रयोग सुरू झाला. मार्च २०२४मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या काही निवडक पंपांवर इथेनॉल १०० आलं. ते फ्लेक्स-फ्युएल गाड्यांसाठी आहे, आणि तशा गाड्या रस्त्यावर अजून शोधाव्या लागतात. शिवाय इथेनॉलचा पुरवठा पावसावर चालतो. डिसेंबर २०२३मध्ये ऊस कमी म्हणून केंद्राने रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आणले होते. आता मका आणि तुकडा तांदूळही त्यात जातो. ज्या इंधनाची सोय नाही त्यासाठी गाडीचं ट्यूनिंग करून ठेवणं म्हणजे वलीम्याचं निमंत्रण नसताना उपाशी राहण्यासारखं.

जुम्याच्या नमाजनंतर एकाने वेगळाच प्रश्न काढला. तुम्ही गाडीत दारू घालणार म्हणे? हसण्यावारी नेण्यासारखा तो प्रश्न नाही, करोनात सॅनिटायझरवरून हेच झालं होतं. आमच्याकडे बहुतेक हनफी. द्राक्ष-खजुराची दारू आणि ऊस-धान्यापासून कारखान्यात काढलेलं अल्कोहोल यांत फरक करून, न पिण्याच्या वापराला मोकळीक देणारे हनफी उलेमा बरेच आहेत. कोकणातले आमचे सोयरे शाफई, त्यांच्याकडे नापाकीचा मामला जास्त कडक. तरी नापाक झालेलं तेल खायला नाही पण दिव्यात जाळायला चालतं, हा फिक्हच्या किताबांतला जुना विषय आहे आणि बहुतेकांचा कल तिथे जाळू देण्याकडेच आहे. मी मुफ्ती नाही. मी त्या भल्या माणसाला एवढंच विचारलं, तुमच्या स्कूटरमध्ये काय घालता? तिच्यातही वीस टक्के तेच. त्यावर तो म्हणाला, म्हणजे अ‍ॅव्हरेज त्यामुळेच पडलंय का? तिथून चर्चा फिक्हवरून मायलेजवर गेली आणि बराच वेळ चालली.

पंप बसवायचा दिवस रविवार. शटर पूर्ण उघडं, गाडी अर्धी बाहेर, बॅटरीची तार काढलेली, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, टाकी जवळपास रिकामी. टाकीत बुडणारी नळी नेहमीची काळी फ्युएल नळी चालत नाही. ती आतून इंधन सोसते, बाहेरून नाही. बुडवून ठेवायची नळी वेगळी मिळते, तिच्यावर ३०आर१० लिहिलेलं असतं. तिची किंमत ऐकून दुकानात भाच्याने दोनदा विचारलं. मीही विचारलं असतं. पण तिच्या जागी साधी नळी लावली की वर्षभरात ती टाकीतच फुटते, दाब आतल्या आत गळतो आणि लोक पंपाला शिव्या घालतात. टाकीच्या आतली वायरही इंधनात टिकणारी घेतली. तळाची जाळी नवी, बाहेरचा फिल्टर नवा, झाकणाची सील नवी.

मग मोजणी. आयडलला दाब अडीच बार. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढली की बरोबर तीन. म्हणजे परतीची नळी ३४०चा भार सोसतेय. हाच आकडा तीनच्या वर चढून बसला असता तर मी पंप परत काढायला लावला असता. पंपाच्या टोकाला आता १३.५ व्होल्ट. परतीची नळी मापाच्या भांड्यात सोडून अर्धा मिनिट मोजलं. आकडा कंपनीच्या आलेखाच्या जवळ आला, म्हणजे माल अस्सल.

टर्बो अजून खोक्यातच आहे. नवे इंजेक्टर मात्र मी मान्य केलेत. ई८५वर ताशी सव्वाशे लिटर म्हणजे चार इंजेक्टरना प्रत्येकी मिनिटाला साधारण ५२० सीसी, आणि ते पूर्ण वेळ उघडे ठेवायचे नसतात म्हणून ६०० सीसीचे. ई२०साठी ते मोठेच आहेत, पण चालतील. कायद्याचा विषय काढला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, नोंदणीतल्या तपशिलांना धक्का देणारा बदल झाला तर उद्या विम्याचा दावाही अडकतो. तो म्हणाला, ट्रॅकवर नेईन, ट्रेलरवर टाकून. ट्रेलर कुणाचा, ते अजून ठरलेलं नाही.

दरम्यान त्याच्याकडे जुन्या गाडीवाले रोज यायला लागलेत. आमच्या गाडीलाही तो इथेनॉलचा पंप टाका म्हणतात. पंधरा वर्षांच्या वॅगन आरला ३४०चा पंप विकता आला असता, खुशीने घेतलाही असता. तो आधी नळ्या दाबून बघतो, मऊ पडल्यात का, चिरा आहेत का. फिल्टर बदलतो. आणि टाकी रिकामी ठेवून गाडी फिरवू नका म्हणून बजावतो, कारण पंप इंधनात बुडलेला राहिला तरच थंड राहतो. बिल सहा-सातशेचं होतं. आपाला हे सांगितलं तर म्हणाली, मग टर्बोचे पैसे कधी फिटायचे?

ऑक्टाव्हियाचा फिल्टर पाचशे किलोमीटरला काढून बघितला, तपकिरी गाळ निघाला. आणखी हजारावर पुन्हा बघायचा आहे.